बाबांच्या हातून माउस काढून घ्यावा का?

पत्राचा सारांश: पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनींचे आईवडील सांगलीला राहतात. वडील ७२ वर्षांचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. वीजबिल, पेन्शन, शेअर, रेल्वेचे आरक्षण हे सगळे ते घरच्या संगणकावर स्वतःच करत. गेल्या नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्याची माहिती शोधताना पडदा एकाएकी लाल झाला, भोंगा वाजू लागला आणि ‘संगणकात व्हायरस शिरला आहे, बंद करू नका, मायक्रोसॉफ्टच्या या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना झळकली. वडिलांनी फोन केला. पलीकडच्या माणसाने एक प्रोग्रॅम उतरवून घ्यायला लावला, ‘खाते सुरक्षित आहे का पाहू’ म्हणून बँकेत लॉगिन करायला लावले, आणि दीड तासात ४८,००० रुपये गेले. वडिलांनी हे कुणालाच सांगितले नाही. नऊ दिवसांनी आई पासबुक भरून आणायला गेली तेव्हा प्रकार उघडकीस आला. बंगळूरला संगणकक्षेत्रात असलेल्या धाकट्या भावाने ठरवले आहे की नेटबँकिंग बंद करायचे, खात्याला स्वतःचा मोबाइल क्रमांक जोडायचा आणि घरचे इंटरनेट काढून टाकायचे. वडील आता संगणकासमोर बसत नाहीत आणि कुणाशी धड बोलतही नाहीत. भावाचे बरोबर आहे का, चांगला अँटीव्हायरस कोणता, आणि आयुष्यभर हिशेब चोख ठेवणाऱ्या माणसाकडून असे कसे झाले, असे या भगिनी विचारतात. संगणक नऊ वर्षांचा आहे, त्यावरची विंडोज जवळच्या दुकानदाराने पाचशे रुपयांत टाकून दिली आहे आणि सुटीत मुले त्यावर गेम खेळतात, असेही त्यांनी जाता जाता लिहिले आहे.

तुमच्या तीन प्रश्नांपैकी शेवटचा आधी घेते, कारण पहिल्या दोन्हींची उत्तरे त्यावर अवलंबून आहेत. ‘बाबांकडून असे कसे झाले’ या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे: फसतो तो अडाणी असतो, किंवा वयामुळे त्याची बुद्धी मंदावलेली असते. तुमच्या पत्रातला तपशील मात्र तसे सांगत नाही. बाबांनी लॉटरी लागल्याच्या निरोपावर विश्वास ठेवला नाही किंवा पैसे दामदुप्पट होतील या आशेने कुणाकडे गुंतवले नाहीत. यंत्र बिघडल्याचे दिसले, तेव्हा त्यांनी ते बनवणाऱ्या कंपनीला फोन लावला. सरकारी खात्यात हयात घालवलेल्या माणसाची हीच रीत असते, आणि जबाबदार माणसाच्या याच रीतीवर तो सापळा बेतलेला असतो. पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अवघ्या तीन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये सायबर चोरांनी पळवले, आणि तिथे तर संगणक सांभाळण्यासाठी पगारी माणसे होती. तरुण मुले घरबसल्या कामाच्या आणि शेअरच्या ‘टिप्स’च्या जाळ्यात सापडतात, त्याच्या बातम्या आपण रोज वाचतोच. प्रत्येक वयाला त्याच्या बेताचा सापळा असतो, एवढेच वयाबद्दल म्हणता येईल.

तो लाल पडदा नेमका काय असतो, हे समजून घेतले की त्याची अर्धी भीती जाते. ते साधे वेबपान असते, संगणकात त्या क्षणी काहीही शिरलेले नसते. शोधयंत्रात ‘हयातीचा दाखला’ असे लिहिल्यावर सर्वांत वर जे दुवे येतात, त्यांतले काही पैसे भरून लावलेल्या जाहिराती असतात. अशा एखाद्या दुव्यामागचे पान पूर्ण पडदा व्यापते, वरची पत्त्याची पट्टी आणि बंद करण्याची फुली दिसेनाशी करते, आवाज लावते आणि एक फोन क्रमांक दाखवते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो, तेव्हा क्रमांक दिसला की ती सूचना खोटी, एवढी खूण पुरते. अशा वेळी डाव्या कोपऱ्यातली एस्केप कळ काही क्षण दाबून धरली, तर बहुधा पान आकसते आणि फुली दिसू लागते. न दिसल्यास कंट्रोल, आल्ट आणि डिलीट या कळा एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ब्राउझर बंद करावा. तेही जमले नाही तर संगणकाचे बटण दाबून धरावे आणि तो सरळ बंद करावा. घरच्या संगणकाचे एवढ्याने काही बिघडत नाही. पुन्हा सुरू केल्यावर ब्राउझर ‘आधीची पाने उघडू का’ असे विचारतो, तेव्हा ‘नको’ म्हणावे, नाहीतर तोच भोंगा पुन्हा वाजू लागेल.

आता अँटीव्हायरस. विंडोजमध्ये डिफेंडर हा संरक्षक आधीपासून असतो, आणि अद्ययावत ठेवलेल्या घरगुती संगणकाला तो पुरतो, असे माझे मत आहे. महागडा अँटीव्हायरस असता तरी त्या दिवशी बाबांचे पैसे वाचण्याची शक्यता थोडीच होती. त्यांना उतरवून घ्यायला लावलेला प्रोग्रॅम बहुधा दुरून संगणक चालवण्याचा असणार. असे प्रोग्रॅम कंपन्यांमधले तंत्रज्ञ रोज रीतसर वापरतात, त्यामुळे अँटीव्हायरसला त्यात वावगे दिसेलच असे नाही. अशांपैकी एनीडेस्क या ॲपच्या गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. एकदा ते चालू झाले की पलीकडच्या माणसाला तुमचा पडदा दिसतो, तुमचा माउस त्याच्या हाताने हलतो, आणि बँकेत लॉगिन तर बाबांनी स्वतःच केलेले होते. इथे व्हायरस शिरलाच नव्हता. शिरला होता तो एक माणूस, आणि तोही परवानगी घेऊन.

तुमच्या भावाच्या योजनेकडे याच नजरेने पाहावे लागेल. त्याची तळमळ मला दिसते आणि नेटबँकिंग काही दिवस बंद ठेवण्याचा त्याचा आग्रह रास्तच आहे. पण खात्याला त्याचा मोबाइल क्रमांक जोडला, तर पैसे गेल्याचा संदेश बंगळूरला वाजेल, आणि तो नेमका बैठकीत किंवा विमानात असेल तर सांगलीत बसलेल्या खातेदाराला काहीच कळणार नाही. ज्याचे पैसे त्यालाच अंधारात ठेवणारी ही व्यवस्था आहे. शिवाय खाते एकाचे आणि ओटीपी दुसऱ्याकडे, हे बँकांच्या अटींत बसत नाही, आणि उद्या खरोखर वाद उद्भवला तर ते बाबांच्याच अंगाशी येईल. इंटरनेट काढून टाकल्याने तर काहीच साधत नाही, कारण बाबांच्या खिशात मोबाइल आहेच. ‘लग्नाची पत्रिका’ किंवा ‘वाहनाचे थकीत चलान’ या नावाने व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल (उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी), रात्री साडेनऊला वीज तोडणार असल्याचा महावितरणच्या नावाने आलेला खोटा संदेश, पोलिसांच्या गणवेशात व्हिडिओ कॉलवर येऊन ‘डिजिटल अरेस्ट’ची धमकी देणारा तोतया, हे सगळे फोनवरच येते. (डिजिटल अरेस्ट नावाची तरतूद आपल्या कायद्यात नाही, ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनीही ‘मन की बात’मध्ये तसे स्पष्ट सांगितले होते.)

तुमच्या पत्रातली मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट ४८,००० ही रक्कम नाही, ते मधले नऊ दिवस आहेत. पैसे गेल्याचा संदेश बाबांच्या फोनवर आलाच असणार. म्हणजे त्यांना त्याच संध्याकाळी कळले होते आणि तरीही ते बोलले नाहीत. चोरलेला पैसा आधी एका भाडोत्री खात्यात जातो, तिथून फुटून अनेक खात्यांत पांगतो आणि शेवटी रोख काढला जातो. सायबर फसवणुकीच्या तक्रारींसाठीच्या १९३० या सरकारी क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवली गेली, तर वाटेतल्या खात्यांत अडकलेली रक्कम गोठवता येते. तिथे पहिल्या तासांना जी किंमत असते ती नवव्या दिवसाला नसते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातही वेळेलाच महत्त्व दिले होते. त्यानुसार, चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही अशा प्रकरणात, बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवले तर ग्राहकाला तोशीस लागत नाही. ग्राहकाच्याच निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे.

बाबा का बोलले नाहीत, याचे उत्तर तुमच्या पत्रातच आहे, असे मला वाटते. कळल्यावर घरात जे झाले, तेच होईल याची त्यांना भीती असणार. म्हणून या घरात सर्वांत आधी बदलायला हवी ती आपली पहिली प्रतिक्रिया. घरातल्या कुणीही ‘माझ्या हातून असे झाले’ म्हणून सांगितले, की ‘फोन कशाला केलास’ हा प्रश्न विचारायचाच नाही. ‘किती वाजता झाले आणि कोणत्या खात्यातून’ हे विचारायचे आणि १९३० फिरवायचा. हा नियम बाबांइतकाच तुम्हाला, तुमच्या मुलांना आणि तुमच्या भावालाही लागू हवा. मुलाने गेमसाठी कार्डाचा क्रमांक कुठे भरला असेल, तर तेही त्याला त्याच दिवशी सांगता आले पाहिजे.

आता लगेच करायच्या गोष्टी. नऊ दिवस गेले म्हणून तक्रार टाळू नका. १९३० वर किंवा सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर ती नोंदवा, आणि बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन त्याच्या प्रतीवर पोच घ्या. व्यवहार क्रमांक, बँकेचे संदेश, त्या माणसाचा फोन क्रमांक, यांतले काहीही पुसू नका. रक्कम परत मिळेल अशी फार आशा मी तुम्हाला दाखवणार नाही. पण तक्रारीची नोंद नसेल तर ती मिळण्याचा मार्गच उरत नाही. आणि एक इशारा: ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन येत्या काही आठवड्यांत येऊ शकतो. एकदा फसलेल्यांच्या याद्या या धंद्यात विकल्या जातात.

तो संगणक परक्या माणसाच्या हाती दीड तास होता, त्यामुळे त्यावर सध्या बँकेचे काहीही करू नका. बाबांच्या ईमेलचा पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून सर्वांत आधी बदला, कारण इतर बहुतेक खात्यांचे पासवर्ड ईमेलवरूनच नव्याने मिळवता येतात. ईमेलच्या सेटिंगमध्ये एखादा अनोळखी पत्ता किंवा फोन जोडला गेला आहे का, पत्रे आपोआप दुसरीकडे जात आहेत का, तेही पाहा. मग बँक आणि डीमॅट. ब्राउझरने जपून ठेवलेले सगळेच पासवर्ड त्या माणसाने पाहिले, असे धरून चाला. मुदत ठेवी जागेवर आहेत ना, त्यांच्यावर कुणी कर्ज उचलले नाही ना, याची शाखेत खात्री करून घ्या. घाईत हे हमखास राहून जाते.

संगणकाबद्दल थोडे कठोर लिहिते. पाचशे रुपयांत टाकून दिलेली विंडोज म्हणजे बहुधा ‘क्रॅक’ केलेली, परवाना न घेता चालवलेली प्रत, आणि क्रॅक करणाऱ्या प्रोग्रॅमला वाट मोकळी व्हावी म्हणून तो दुकानदार डिफेंडर बंद करून गेला असेल, तर मला मुळीच नवल वाटणार नाही. मुलांनी फुकट उतरवलेल्या गेमचेही तेच. म्हणजे बाबांच्या त्या फोनच्या कितीतरी आधीपासून हा संगणक उघडा होता, आणि तो उघडा ठेवण्यात घरातल्या सगळ्यांचा थोडाथोडा वाटा होता. त्यातून विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, आणि नऊ वर्षांपूर्वीचे यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसण्याची शक्यता कमी. फोटो आणि कागदपत्रे काढून घेऊन हे यंत्र पूर्ण पुसावे आणि मुलांच्या खेळासाठी ठेवावे. बाबांना बँकेच्या कामासाठी एक साधा, पण अधिकृत विंडोज असलेला लॅपटॉप घ्यावा. तेवढा खर्च शक्य नसेल, तर बँकेची कामे अपडेट मिळत असलेल्या मोबाइलवर, बँकेच्या ॲपमधूनच करावीत.

नव्या यंत्रावर दोन खाती करा. एक ॲडमिनिस्ट्रेटरचे, जे रोज उघडायचे नाही, आणि दुसरे साधे, ज्यात बाबा काम करतील. साध्या खात्यात एखादा प्रोग्रॅम यंत्रात बदल करू पाहतो, तेव्हा नुसते ‘होय’ दाबून भागत नाही, पडद्यावर ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी चौकट येते. तिथे माणूस थबकतो, आणि एवढे थबकणे पुष्कळदा पुरते. दुरून चालवायचे काही प्रोग्रॅम मात्र इन्स्टॉल न करताच चालतात, त्यामुळे ही चौकट म्हणजे पक्की भिंत समजू नका. मुलांसाठी तिसरे खाते हवे. फोटोंची प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि काम झाल्यावर ती डिस्क काढून कपाटात ठेवावी, कारण फायलींना कुलूप लावून खंडणी मागणारे प्रोग्रॅम जोडलेल्या डिस्कलाही सोडत नाहीत.

पासवर्ड वहीत लिहू नयेत असे बाबांना कुणी सांगितले असेल, तर ते मनावर घेऊ नका. लोखंडी कपाटातली वही दूर कुठेतरी कॉल सेंटरमध्ये बसलेल्या चोराला वाचता येत नाही. ‘पासवर्ड’ नावाची डेस्कटॉपवरची फाइल मात्र त्याला चटकन सापडते. प्रत्येक ठिकाणी वेगळा आणि लांब पासवर्ड असावा, मग तो तीन-चार असंबद्ध मराठी शब्दांचा असला तरी चालेल. दर महिन्याला तो बदलण्याच्या खटाटोपाचा फारसा उपयोग नाही. माणसे शेवटचा आकडा तेवढा बदलतात. ईमेलला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डखेरीज फोनवर आलेली खातरजमाही लागेल. बँकेचा पत्ता कधीही शोधयंत्रात शोधू नये, तो एकदा नीट टाइप करून ब्राउझरमध्ये खूण करून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार बँकांनी आपली संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेली आहेत, आणि तो शेवट फक्त बँकांनाच मिळतो. हयातीचा दाखला तर बँकेत किंवा पोस्टातही देता येतो, आणि ‘जीवन प्रमाण’च्या अधिकृत ॲपमधून चेहरा दाखवूनही. नोव्हेंबरात पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, हे चोरांना आपल्याइतकेच पाठ असते.

नेटबँकिंग कायमचे बंद करण्याऐवजी रकमेची विभागणी करा. पेन्शन जमा होते त्या खात्याला ऑनलाइन व्यवहार नकोत, फक्त शिल्लक पाहण्याची सोय असावी. तिथून दरमहा ठरावीक रक्कम दुसऱ्या एका खर्चाच्या खात्यात आपोआप यावी, आणि कार्ड, यूपीआय, वीजबिल हे सगळे त्या खात्यालाच जोडावे. रोजच्या व्यवहारांची मर्यादा ॲपमध्ये किंवा शाखेत सांगून गरजेपुरती कमी करून घ्यावी, आणि ऑनलाइन ठेव मोडण्याची सोय बंद करता येते का, हेही शाखेत विचारावे. मग उद्या पुन्हा कुणी फसवलेच, तर महिन्याचा खर्च जाईल, आयुष्याची पुंजी जाणार नाही. इतर वाचक मैत्रिणींनाही मी हेच सुचवेन, त्यांच्या घरी अजून काही घडले नसले तरी. मला स्वतःला सगळ्या पासवर्डपेक्षा या विभागणीचा भरवसा अधिक वाटतो.

फोनच्या बाबतीत घरात एकच गोष्ट ठरवा: ओटीपी, पिन, एखादे ॲप उतरवणे, किंवा ‘घरी कुणाला सांगू नका’, यांपैकी काहीही कानावर पडले की बोलणे अर्धवट तोडून फोन ठेवायचा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी लावायचा. फोन तोंडावर आपटणे आपल्या पिढीला आणि बाबांच्या पिढीला उद्धटपणाचे वाटते. ते इथे पूर्ण क्षम्य आहे, हे बाबांना स्पष्ट शब्दांत सांगा. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही, हे आईलाही ठाऊक असू द्या. त्यांचा उल्लेख तुमच्या पत्रात फक्त पासबुकापुरता आला आहे, पण उद्याचा फोन त्यांनाही येऊ शकतो.

भावाशी बोलताना त्याची योजना खोडून काढण्यापेक्षा त्याला कामे वाटून द्या. नवे यंत्र लावणे, खाती तयार करणे, जुन्या यंत्रावरची कागदपत्रे काढणे, हे तो तुमच्यापेक्षा सफाईने करेल, मात्र ते त्याने सांगलीला जाऊन करावे. दुरून बाबांच्या संगणकात शिरून केले, तर ‘ॲप उतरवा, क्रमांक सांगा’ हाच धडा आपण पुन्हा गिरवून घेऊ. आणि बाबांना कामाला बसवण्यापूर्वी तुम्ही दोघे त्यांच्यासमोर बसा, आणि तो माणूस पहिल्या मिनिटापासून काय काय म्हणाला, हे त्यांना सविस्तर विचारा. उलटतपासणी नको, खरोखरची चौकशी हवी. तो कोणत्या भाषेत बोलला, त्याने नाव काय सांगितले, बँकेचे पान उघडायला लावताना काय कारण दिले, मध्येच बाबांना शंका आली असेल तर ती त्याने कशी घालवली. हे सगळे पाहिलेला तुमच्या घरात एकच माणूस आहे. तक्रारीच्या अर्जातही हाच तपशील लागणार आहे, तेव्हा अर्जाचा मसुदा त्यांनाच करू द्या. खात्यातली टिपणे लिहिण्यात त्यांचा हात तुम्हा दोघांपेक्षा निश्चितच मुरलेला असेल.